क्लच प्लेटा, कानस आणि साठ दिवस



मागे एकदा मोटरसायकलचा विषय निघाला होता तेव्हा "घरी क्लच बदलता येतो का?" असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. तेव्हा "येतो, सविस्तर लिहीन" असं म्हणून वेळ मारून नेली होती. आता लिहितोय. थोडं लांबेल. ज्यांना यंत्रात रस नाही त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी राग नाही.

गाडी जपानी, दोन सिलिंडरची, ५०० सीसी, १९९९ सालची. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की अर्धे लोक "ती गाडी घ्यायलाच नको होती" म्हणणार आणि उरलेले "माझ्याकडे तीच होती, मला कधी त्रास नाही झाला" म्हणणार. या प्रकारच्या बहुतेक गाड्यांचा क्लच आतून सारखाच असतो. अनेक प्लेटांचा, तेलात बुडालेला, केबलने ओढायचा. पुण्यात रोज दिसणारी स्प्लेंडर किंवा पल्सर घ्या, तत्त्व तेच.

मी राहायचो न्यू जर्सीत, भाड्याच्या टाउनहाउसमध्ये, एका गाडीचं गराज. हे आधी सांगतो, कारण त्यापूर्वी ज्या अपार्टमेंटमध्ये होतो तिथल्या लीजमध्ये पार्किंग लॉटमध्ये वाहन दुरुस्ती करायची नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. तिथे राहत असतो तर हा लेख झाला नसता.

तर मार्च २०२३. गाडी चढावर रेस घ्यायची, पण पळायची नाही. टॅकोमीटरचा काटा वर जायचा आणि स्पीडोमीटर आपला जागच्या जागी. क्लच सरकतोय हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर टॉपच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने चालवा आणि थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. क्लच चांगला असेल तर इंजिन कुरकुरत हळूहळू वेग घेतं, काटे दोन्ही बरोबरीने चढतात. क्लच सरकत असेल तर इंजिन हलकं झाल्यासारखं ओरडतं. माझं चार हजारांवरून सहा हजारांवर गेलं, आणि वेग वाढला जेमतेम तीन मैल. शंकाच नको.

जवळच्या एका दुकानात दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि ८६० डॉलर्सचा आकडा सांगितला. प्लेटा, स्प्रिंगा आणि वर पूर्ण बास्केट बदलायची म्हणे. उघडून न बघता. गाडीची किंमत चांगल्या अवस्थेत दोन हजारांच्या आसपास, आणि क्लच गेलेल्या अवस्थेत कोणी हजारसुद्धा देणार नाही.

एरवी मी कदाचित कुरकुर करत पैसे दिले असते. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग आली आणि आमच्या टीममधल्या नऊ जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यात मी. एच-१बी वर असलेल्यांना पुढचं सांगायला नको. जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल करायचा, नाहीतर बाडबिस्तरा आवरायचा. बायको एच-४ वर, मुलगी चार वर्षांची. हेल्थ इन्शुरन्स चालू ठेवायचा तर कोब्राखाली पूर्ण हप्ता आपल्या खिशातून. तो आकडा पहिल्यांदा कागदावर बघितला तेव्हा मी कागद उलटा करून ठेवला होता. तर ठरवलं की गाडी विकायची, पण अर्ध्या किमतीत नाही.

आणखी एक कारण होतं. दिवसातून सात-आठ तास अर्ज भरणं आणि मुलाखती झाल्या की उरलेल्या वेळात हात रिकामे राहिले की डोकं चालतं, आणि ते चांगल्या दिशेने चालत नाही.

आता मुद्द्यावर. क्लच सरकतोय म्हणून लगेच प्लेटा मागवायच्या नाहीत. स्वस्तातल्या कारणापासून सुरुवात करायची.

पहिलं, केबलचा खेळ. हँडलवरच्या लीव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा प्ले असायला हवा. तो शून्य असेल तर केबल कायमच थोडी ओढलेली राहते, म्हणजे तुम्ही सतत अर्धा क्लच दाबून गाडी चालवताय. माझा प्ले १५ होता.

दुसरं, तेल. हे अमेरिकेत जास्त लागू पडतं. इथे वॉलमार्टमध्ये गाडीचं तेल स्वस्त मिळतं म्हणून लोक तेच मोटरसायकलमध्ये ओततात. कारचा क्लच इंजिनच्या तेलात नसतो, आपला असतो. कारच्या पातळ तेलांमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारे घटक घातलेले असतात, आणि क्लच तर घर्षणावरच जगतो. डब्याच्या मागच्या गोल चिन्हात खालच्या बाजूला 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असं लिहिलेलं असेल तर तो डबा परत ठेवा. 'जासो एमए' लिहिलेलं तेल घ्या. आधीच्या मालकाने कुठलं तेल घातलं होतं देव जाणे. मी बदललं, दोनशे मैल चालवली. फरक नाही.

म्हणजे आत जाणं आलं.

इथे एक गंमत आहे. माझ्या गाडीत क्लच उजव्या बाजूला आहे आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. त्यामुळे सगळं तेल डावीकडे जमा होतं आणि उजवं कव्हर तेल न काढता उघडता येतं. मॅन्युअलमध्ये 'तेल काढा' असं लिहिलेलं असतंच, पण तेल नुकतंच बदललं होतं. खाली एक ट्रे ठेवला, चमचाभर तेल सांडलं असेल.

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा, भोकं पाडायची आणि जिथला बोल्ट तिथेच खोचायचा. हे मला कोणी शिकवलं नाही, लहानपणी बघितलेलं आहे. आमचे आप्पा, म्हणजे वडील, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होईपर्यंत. सांगलीला सुट्टीत त्यांचा डबा द्यायला जायचो तेव्हा वर्कशॉपमधल्या भिंतीशी असे पुठ्ठे टेकवून ठेवलेले असायचे. मात्र मला कधी पान्याला हात लावू दिला नाही त्यांनी. "हे तुझं काम न्हाई, तू पुस्तक वाच." मग मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो, २००९ साली पास झालो, आणि कँपसमधून थेट आयटीत. तेव्हापासून जावा.

असो. कव्हर निघालं (रबरी हातोडीने हलक्या हाताने ठोकायचं, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की पुढे तेल गळतं). समोर प्रेशर प्लेट आणि तिच्यावर पाच स्प्रिंगा. पाचही बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने सैल करायचे. एकच पूर्ण काढला तर प्लेट वाकडी दबते. मग प्लेटा एक आड एक बाहेर येतात. एक घर्षणाची, एक स्टीलची. माझ्या गाडीत घर्षणाच्या सात, स्टीलच्या सहा. ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाल्या तशाच टेबलावर मांडून फोटो काढले.

आता मोजमाप. मला वाटलं होतं प्लेटा झिजून कागद झाल्या असतील. व्हर्निअर लावला तर सातही प्लेटा मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत! प्रत्येक प्लेट नव्यापेक्षा साधारण ०.१५ मिलिमीटरने कमी, बस. पण पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि काळपट. स्टीलच्या प्लेटा जाड काचेवर ठेवून खालून फीलर गेज घालून बघितल्या. वाकण्याची मर्यादा ०.३ मिलिमीटर, दोन प्लेटा त्याच्या बाहेर, आणि त्या दोघींवर निळसर डाग, म्हणजे तापून निघालेल्या. आणि स्प्रिंगा किमान लांबीपेक्षा दीड मिलिमीटर आखूड, पाचही.

इथे मला चौदा वर्षांनी खुर्मी आठवला. थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरला बहुप्लेटी क्लचचं गणित यायचंच. क्लच किती टॉर्क पेलेल? घर्षण करणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, गुणिले घर्षणांक, गुणिले स्प्रिंगांचा एकूण दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. सात प्लेटांच्या दोन-दोन बाजू म्हणजे चौदा पृष्ठभाग. म्हणूनच तळहाताएवढ्या क्लचला पन्नास घोडे पेलतात, आणि म्हणूनच एवढ्या प्लेटा. आता बघा, समजा स्प्रिंगांचा दाब १५ टक्के कमी झाला आणि प्लेटा गुळगुळीत झाल्याने घर्षणांक २० टक्के कमी झाला. दोन्ही एकमेकांशी गुणले जातात. ०.८५ गुणिले ०.८ म्हणजे ०.६८. एक तृतीयांश क्षमता गेली, आणि प्लेटांची जाडी तर 'पास'.

अजून एक. एक प्लेट ०.१५ ने झिजली हे काहीच नाही. पण सात मिळून एक मिलिमीटर होतो. तेवढी प्रेशर प्लेट आत सरकते आणि तेवढी स्प्रिंग ताणून सैल बसते. स्प्रिंग आधीच थकलेली, त्यात तिला दाबलंही कमी जातंय. एकेका प्लेटची मर्यादा बघून हे कळत नाही, सगळा गठ्ठा एकत्र मोजावा लागतो. परीक्षेत हे कधी कोणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

नव्या घर्षण प्लेटा, स्टीलच्या प्लेटा, स्प्रिंगा आणि कव्हरची पॅकिंग मिळून १६४ डॉलर्स. पॅकिंग दोन मागवल्या. एक नेहमी जास्त मागवायची, ही पण डेपोतली सवय.

पार्सल यायला चार दिवस लागले. त्यातल्या एका रात्री साडेआठला आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत सकाळचे सहा, त्यांचा चहा झालेला असतो. मी प्लेटा दाखवल्या, म्हटलं नव्या आल्या की रात्रभर तेलात भिजवून ठेवायच्या आहेत.

"तेलात?" आप्पा एकदम पुढे सरकले. "अरे, तेल लागलं की प्लेट गेली."

त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या गाडीपुरतं. बसचा क्लच कोरडा असतो. एकच मोठी प्लेट, तिला रिव्हेट मारलेलं लायनिंग, आणि मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपलं की गाडी घाटात बसलीच. त्यांनी आयुष्यभर क्लचला तेलापासून वाचवलं होतं. मी सांगितलं की इथे लायनिंग वेगळं असतं, तेलातच चालायला केलेलं, तेल उष्णता घेऊन जातं, आणि कोरडी प्लेट बसवून गाडी चालू केली तर पहिल्याच मिनिटात करपते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे क्लच लहान आन् उपद्व्याप मोठा." नोकरीबद्दल मी काही बोललो नव्हतो. बोलणार होतो, पुढच्या कंपनीचं पत्र हातात आल्यावर.

जोडणी उलट्या क्रमाने. जुनी पॅकिंग खरवडायला प्लास्टिकचा तुकडा आणि धीर एवढंच लागतं, पण धीर दोन तास लागतो. स्प्रिंगांचे बोल्ट लहान असतात, माझ्या गाडीला साधारण १० न्यूटन मीटर. म्हणजे मनगटाच्या जोरावर, दंडाच्या नाही. मोठा पाना लावला की डोकं हातात येतं.

आणि गाडी चालू केली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, खाड्कन आवाज, आणि लीव्हर पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे सरकायला लागली. न्यूट्रल लागेना.

आधी सरकत होता, आता सुटत नव्हता. हा दुसरा आजार. आधीच्यात क्लच धरत नाही, यात सोडत नाही, आणि दोन्हींची कारणं उलटी असतात. इथे घाबरून परत सगळं उघडू नका. पुन्हा स्वस्तातून सुरुवात.

तेल थंड असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटतात, सकाळी पहिल्या गिअरला खाड् होतं, ते नैसर्गिक आहे. म्हणून इंजिन पूर्ण गरम केलं. तसंच. मग केबल. लीव्हरचा प्ले जास्त असेल तर क्लच पुरता उचलला जात नाही. प्ले १५ वर आणला. तसंच. केबलच्या तारा लीव्हरपाशी पिंजल्या असतील तर वरून पूर्ण ओढलं तरी खाली कमी पोचतं. म्हणून इंजिनवरच्या आर्मशेजारी पट्टी धरली आणि बायकोला लीव्हर दाबायला सांगितलं. जेवढा हलायला हवा तेवढा आर्म हलत होता. म्हणजे केबल निर्दोष. स्टीलच्या प्लेटा नव्या, वाकलेल्या नाहीत, बसवण्याआधी काचेवर तपासलेल्या. राहिली बास्केट.

बास्केट म्हणजे ज्या डब्यात हा सगळा गठ्ठा बसतो तो. तिच्या कडेला उभी बोटं असतात आणि घर्षण प्लेटांचे कान त्या बोटांच्या मधल्या खाचांत अडकतात. वर्षानुवर्षं प्रत्येक धक्क्याला कान बोटावर आपटतो आणि स्टीलचा नाही तरी ॲल्युमिनियमचा जीव तो किती, तिथे बारीक घळ पडते. पहिल्यांदा उघडली तेव्हाच नखाला त्या घळी लागल्या होत्या. फार खोल नव्हत्या, म्हणून नव्या प्लेटांबरोबर कशा वागतात ते बघू असं ठरवलं होतं. आता कळलं कशा वागतात. जुन्या प्लेटांचे कान आपापल्या घळीत सरावले होते. नवा गठ्ठा एक मिलिमीटर जाड, त्यामुळे प्रत्येक कानाची जागा किंचित हलली, आणि तो जुन्या घळीच्या काठावर अडकायला लागला. क्लच दाबला की प्लेटा मोकळ्या व्हायला हव्यात, तर त्या तिथेच लटकून राहत होत्या.

म्हणजे दुकानवाला बास्केट बदला म्हणत होता ते अगदीच हवेत नव्हतं. पण नवी बास्केट ३१० डॉलर्स. घळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असतील तर कानसेने उंचवटे घासून काठ साफ करता येतात. त्याहून खोल असतील तर नाही, बोट कमजोर होतं आणि ते तुटून इंजिनमध्ये फिरलं तर क्लचचं बिल स्वस्त वाटेल. माझ्या सर्वात खोल घळीत ०.४ चं फीलर गेज जेमतेम जात होतं.

बास्केट जागेवर ठेवून घासायची नाही, चुरा इंजिनमध्ये जातो. काढायची तर मधला मोठा नट सोडवायला हवा, आणि नट फिरवला की हबही फिरतो. त्यासाठी खास हत्यार मिळतं, पण गाडी टॉप गिअरमध्ये टाकून कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरला तरी हब अडतो. बायकोने उजव्या हाताने ब्रेकचं पेडल दाबून धरलं, डाव्या हाताने मुलीला लांब ठेवलं, आणि मी तीन फुटी दांड्यावर लोंबकळलो. कट्ट असा आवाज आला. "तुटलं?" तिने विचारलं. तुटलं नव्हतं, सुटलं होतं. आमच्याकडे त्या महिन्यात कुठल्याही आवाजाला पहिला प्रश्न हाच यायचा.

कानस मी शेवटची धरली होती पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपला. लोखंडाच्या दोन पट्ट्या एकमेकींत बसवायच्या. सर त्यावर ट्राय स्क्वेअर ठेवून उजेडाकडे धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की जॉब परत. तेव्हा त्या तासाला आम्ही सगळे शिव्या घालायचो.

मंगळवारी सकाळी बास्केट व्हाइसमध्ये लाकडाचे तुकडे लावून धरली आणि आप्पांना फोन लावला. मला फक्त विचारायचं होतं की ॲल्युमिनियमला कानस भरते त्यावर काय करायचं. त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेसात-आठ. फोन बाटलीला टेकवून ठेवला.

"खडू चोळ कानसेला," ते म्हणाले. "भरत न्हाई मग."

मुलीच्या खेळण्यातला खडू घेतला. खरंच भरत नाही. आपण एवढं शिकतो आणि हे कुठेच लिहिलेलं नसतं. (लिहिलेलं असेल, आपण ते पान वाचलेलं नसतं.)

दोन खाचा झाल्या असतील. आप्पा बघत होते. मग म्हणाले, "आज मंगळवार न्हवं?"

"हो."

"आन् तुझ्याकडं सकाळचे दहा वाजल्यात."

मी कानस मारत राहिलो. ते पण थोडा वेळ गप्प राहिले. मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या, त्यांनी आवाज बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं.

"फोन जरा खाली घे. बोटं दिसंनात."

मी फोन खाली घेतला.

"पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. वडत आणू नको. आन् सगळ्या खाचा सारख्या मोजून घे. एकीत चार फेऱ्या, तर सगळ्यांत चार. न्हाईतर एकच बोट सगळा भार घेतंय." मग तसंच, त्याच आवाजात, "किती दिवस हाईत?"

"साठ."

"गेले किती?"

"एकोणीस."

"बरं. आईला मी सांगतो. तू सांगू नको."

एवढंच. पुढचा पाऊण तास ते फोनवर होते. नोकरीचा शब्द काढला नाही. एका बोटाशी मी जरा जोर लावला तेव्हा "हां, हां" एवढं म्हणाले. शेवटी नखाने तपासायला सांगितलं, डोळ्यांनी नाही. नख अडकायचं थांबलं की थांबायचं. चकचकीत करायच्या नादात माल खायचा नाही. मग बास्केट रॉकेलने (इथे केरोसीन हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळतं) दोनदा धुतली, मागच्या बाजूचे रिव्हेट हलवून बघितले, घट्ट होते.

तांत्रिक मंडळींसाठी एक सूचना. मधल्या नटाची कड ठोकून अडकवलेली असते. काढला की तो परत वापरायचा नाही, नवा घ्यायचा, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळून कड पुन्हा ठोकायची. माझ्या गाडीत नट नेहमीसारखा उजवा होता. काहींमध्ये उलट्या आट्यांचा असतो, दांड्यावर लोंबकळण्याआधी बघून घ्या. बास्केटच्या मागे ऑइल पंपाचं गिअर किंवा चेन असेल तर ती परत नीट बसली आहे ना ते पण.

दुसरी पॅकिंग लागलीच.

या वेळी पहिला गिअर टक् करून पडला आणि गाडी जागेवर उभी राहिली. लीव्हर दाबून न्यूट्रल, पहिला, न्यूट्रल, दुसरा असं दहा-बारा वेळा करून बघितलं. बायको म्हणाली, "झालं ना, आता किती वेळ करणार?" पण ते करत राहावंसं वाटत होतं. मग तोच चढ, तोच टॉप गिअर. दोन्ही काटे बरोबरीने. पहिले दोनशे-अडीचशे मैल सिग्नलवर जोरात सुटायचं नाही, नव्या प्लेटा आणि स्टील एकमेकांत बसेपर्यंत. ते पाळलं. केबल नवीन असेल किंवा प्लेटा नव्या असतील तर थोड्या मैलांनंतर प्ले बदलतो, परत बघायचा. माझा १५ चा १० झाला होता, कमी होतच जातो. तो शून्यावर जाऊ दिला तर नव्या प्लेटाही जुन्यांच्या वाटेने जातात.

सगळा खर्च नव्या नटासकट दोनशेच्या आत.

एकतिसाव्या दिवशी गाडी विकली, १९०० डॉलर्सना. घेणारा पोरगा ट्रेंटनकडचा, हॉस्पिटलात रात्रपाळी करणारा, विशीतला. त्याला मी पावत्या, जुन्या प्लेटा, घासलेल्या बोटांचे फोटो सगळं दाखवलं. बास्केट जुनीच आहे, घासलेली आहे, कधीतरी बदलावी लागेल हे पण सांगितलं. यावर बायकोचं म्हणणं होतं की एवढं सांगायची काय गरज, तो शंभर कमी करेल. त्याने पन्नास कमी केले. मूळ मागणी १९५० होती.

त्या पैशांत कोब्राचा एक हप्ता आणि थोडं वर. बाविसाव्या दिवशी ज्या कंपनीशी बोलणं सुरू झालं होतं त्यांनी पन्नासाव्या दिवशी अर्ज दाखल केला. मधल्या दिवसांबद्दल लिहीत नाही. इथल्या बऱ्याच जणांनी ते काढलेले आहेत, ज्यांनी नाहीत त्यांना ते काढावे लागू नयेत. नोकरी पेनसिल्व्हेनियात लागली, आम्ही तिकडे गेलो, या घराला दोन गाड्यांचं गराज आहे आणि त्यात सायकली आहेत.

गेल्या महिन्यात आप्पांनी फोनवर मध्येच विचारलं, "ती बोटं कशी हाईत रे?" मला क्षणभर कळेना, मला वाटलं माझ्या हाताचं विचारतायत. मग म्हटलं आप्पा, ती गाडी तेव्हाच विकली.

"विकली म्हणून काय झालं? नंबर आसंल की त्याचा. विचार."

नंबर होता. विचारलं. बारा हजार मैल झालेत, क्लच ठणठणीत आहे म्हणाला, पण आता मागून चेन आवाज करते, आणि दुकानवाला स्प्रॉकेटसकट साडेचारशे सांगतोय. मी म्हटलं काही देऊ नकोस, मागचं चाक स्टँडवर उचलून हाताने फिरव आणि चेन एका जागी घट्ट, एका जागी सैल लागते का ते बघ. लागते म्हणाला. शनिवारी गाडी घेऊन इकडे येतोय. पाने शोधून ठेवायला हवेत, आणि आप्पांना उठायची वेळ विचारून घ्यायला हवी.

बास्केटचे फोटो किंवा मोजमापं कोणाला हवी असतील तर मला व्यक्तिगत मेल टाका, पाठवतो.